डॉ. विक्रम साराभाई

डॉ. विक्रम साराभाई हे आपल्या देशातले थोर शास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडिलांचे नाव अंबालाल व आईचे नाव सरलादेवी. त्यांच्या घरच्या कापडाच्या गिरण्या होत्या. घरात पैशाला काही कमी नव्हतं. पण विक्रमना शास्त्राचा नाद लागला. ते शिकायला इंग्लंडला गेले. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर परत आले आणि बंगलोरला सर सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी काम केले. १९४७ साली अहमदाबादला त्यांनी संशोधन संस्था काढली.

तेव्हा काही लोक म्हणायचे, गरीब देशाला रॉकेट कशाला पाहिजे? साराभाईंना वाटायचं, उपग्रह असला तर खेड्यातल्या मुलांना शिक्षण मिळेल, शेतकऱ्याला हवामान कळेल.

केरळात समुद्रकाठी थुंबा नावाचं कोळ्यांचं गाव आहे. रॉकेट उडवायला ती जागा निवडली, कारण पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळून जातं. शिवाय खाली पडताना रॉकेट समुद्रात पडतं आणि कोणाला लागत नाही. गावकऱ्यांनी आपली घरं सोडली, चर्चसुद्धा देऊन टाकलं. चर्चमध्ये कचेरी झाली. रॉकेटचे भाग सायकलवरून नेत असत. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिले रॉकेट उडाले. ते अमेरिकेचे होते. पण २० नोव्हेंबर १९६७ ला भारतात तयार केलेले रोहिणी रॉकेट उडाले.

रॉकेट वर कसं जातं? प्लॅस्टिकच्या बाटलीत तीन भागांपैकी एक भाग पाणी घ्यायचं, बूच घट्ट लावायचं, बाटली उलटी उभी करायची आणि सायकलच्या पंपाने हवा भरायची. बूच सुटलं की पाणी जोरात खाली येतं आणि बाटली वर जाते. खऱ्या रॉकेटमध्ये पाण्याऐवजी जळालेला वायू खाली येतो. बाटली उडवताना मोकळं मैदान पाहिजे, मोठं माणूस जवळ पाहिजे, बाकीच्यांनी लांब उभं राहावं. बाटलीवर वाकून बघू नये. काचेची बाटली कधीच घेऊ नये.

पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर परदेशात होते. साराभाईंनी बोलावल्यावर ते १९६७ साली थुंब्याला आले आणि रॉकेटचे इंधन आपल्याच देशात तयार करू लागले.

३० डिसेंबर १९७१ रोजी थुंब्याजवळ कोवळम येथे साराभाई झोपेतच वारले. वय फक्त ५२ वर्षांचं होतं. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट १९७५ साली आकाशात गेला. तो पाहायला ते राहिले नाहीत. पुणे जिल्ह्यात आर्वी येथे उपग्रहाचे केंद्र झाले, त्याला विक्रम हे नाव दिले. २०२३ साली चंद्रावर उतरलेल्या यानाचे नावही विक्रमच आहे.

आता पावसाचा अंदाज सांगतात तो उपग्रहाची चित्रं बघून. आपल्या जालना जिल्ह्यात पाऊस कमी. पेरणी कधी करायची हे त्या अंदाजावर ठरवता येतं. म्हणून साराभाईंचं काम आपल्यासुद्धा उपयोगाचं आहे.

– इयत्ता ४ थी