अखेरपर्यंतची सुरांची सोबत

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ साली उत्तरेत कैराना येथे झाला. बडोदे दरबारी त्यांनी नाव मिळविले. पुढे मिरजेस ते स्थायिक झाले. सवाई गंधर्वांसारखे शिष्य त्यांनी घडविले. तंबोऱ्याशी एकरूप होणारा त्यांचा मृदू स्वर श्रोत्यांस अंतर्मुख करी.

ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीस जाताना आगगाडीत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमल कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. तेथेच दरबारी कानड्यात ईश्वराची आळवणी करून त्यांनी शांतपणे प्राण सोडला.

जन्मभर आनंद देणारे सूर अखेरच्या घटकेसही धीर देतात, हे आम्हांस त्यांच्या चरित्रातून उमगते. विद्यार्थी मित्रहो, गाण्याच्या तासाला त्या स्थानकाचे स्मरण ठेवू या.