आद्याचार्य श्रीनागदेवाचार्य : निरभिमान नेतृत्व

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींनी इ. स. १२७४ च्या सुमारास उत्तरापंथे गमन केले आणि त्यांच्यामागे उरलेला भक्तसमुदाय पोरका झाला. त्या समुदायात वेदशास्त्रसंपन्न पंडित होते, तशाच अक्षरओळख नसलेल्या वृद्ध स्त्रियाही होत्या. सर्वांनी घरदार आणि गणगोत सोडले होते. परंतु जन्माचा आणि विद्येचा अभिमान घर सोडल्याने एका दिवसात सुटत नाही. अशा समुदायाची धुरा पुढे श्रीनागदेवाचार्यांकडे आली. पंथ त्यांना आदराने भटोबास म्हणतो.

भटोबास जन्माने ब्राह्मण होते. त्यांची माता आबाइसा, बहीण उमाइसा आणि चुलत बहीण महदाइसा याही स्वामींच्या अनुयायी होत्या. त्यामुळे ज्ञान स्त्रीच्या वाट्याला येऊ नये, हा त्या काळचा लोकाचार भटोबासांच्या स्वतःच्या कुटुंबातच मोडला गेला होता. महदाइसेची जिज्ञासा तर प्रसिद्धच आहे. ती स्वामींना प्रश्नावर प्रश्न विचारी आणि स्वामी तिचे समाधान करीत.

स्वामी मूळचे गुर्जर देशीचे, भडोचच्या राजकुळातले. तरीही त्यांनी निरूपणासाठी मराठी स्वीकारली, कारण समोरचा जीव ज्या भाषेत जगतो त्या भाषेतच त्याला बोध होतो. चारही वर्णांच्या घरी भिक्षा करावी, हा आचार त्यांनी साधकाला घालून दिला. जो हात कोणाच्याही दारी पसरतो त्याला स्वतःच्या कुळाचा मोठेपणा फार काळ जपता येत नाही. स्त्रीचा विटाळ त्यांनी मानला नाही आणि स्त्रियांना संन्यासाचा अधिकार दिला.

स्वामींच्या आज्ञेवरून भटोबास आणि अन्य भक्तजन ऋद्धिपुरास श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निधानी आले. तेथे सुमारे चौदा वर्षे भटोबासांनी दास्य केले. श्रीप्रभू महार-मातंगांच्या घरी सहज जात आणि त्यांच्या हातचे आरोगण करीत. गावच्या कर्मठांना त्याचा विषाद वाटे. भटोबासांना मात्र तेच दर्शन रोज घडत होते. स्वामींनी जे निरूपिले ते श्रीप्रभूंच्या लीळेत प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. पुढे आचार्यपदी बसणाऱ्या पुरुषाची ही घडण सेवकपणातच झाली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

याच ऋद्धिपुरात श्रीप्रभूंच्या विवाहप्रसंगी महदाइसेने धवळे रचले. इ. स. १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळा संकलित करण्याचे कार्य हाती घेतले तेही येथेच. म्हाइंभट मोठे शास्त्रज्ञ. परंतु ज्याला जी लीळा ठाऊक होती, त्याच्याकडे जाऊन त्यांनी ती मिळविली आणि भटोबासांनी ती पारखून दिली. आठवण सांगणाऱ्याची जात वा विद्या त्यात आडवी आली नाही.

इ. स. १२८७ च्या सुमारास श्रीप्रभूंनीही देह ठेवला. आता सन्निधान नव्हते आणि निर्णय आचार्यांनाच करावयाचे होते. केशिराजबास आणि दामोदर पंडित यांच्यासारखे विद्वान पंथात होते. त्यांनी संस्कृतातून प्रश्न केला असता भटोबासांनी तो तसा स्वीकारला नाही. स्वामींनी आपणास मराठीतच बोध केला, म्हणून मराठीतच विचारावे, असे त्यांनी स्पष्ट केले. केशिराजबासांनी निरूपण संस्कृतात रचण्याचा मनोदय दाखविला, तेव्हाही भटोबासांनी त्यांना थांबविले. तसे झाल्यास आपल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकतील, हे त्यांनी दिलेले कारण होते.

भटोबासांना संस्कृताचा द्वेष नव्हता. याच केशिराजबासांचे रत्नमालास्तोत्र संस्कृतात आहे आणि पंथात ते आदराने पठण केले जाते. प्रश्न होता तो मोक्षज्ञानाची वाट कोणासाठी मोकळी राहावी याचा. पंडितांची मर्जी राखली असती तर आचार्यांची कीर्ती विद्वत्सभेत वाढली असती. भटोबासांनी त्याऐवजी समुदायातील सर्वांत दुबळ्या श्रोत्याचा विचार केला आणि स्वतःला त्या म्हाताऱ्यांच्या पंगतीस बसविले. केशिराजबासांनीही हा निर्णय मानला. सूत्रपाठ आणि ११४ दृष्टान्तांचा दृष्टान्तपाठ ही त्यांची कामगिरी मराठीतच आहे.

या निर्णयाचे मोल लवकरच कळले. १३०७ ते १३०९ च्या सुमारास परचक्राच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी नाहीशी झाली. तेव्हा ज्यांच्या स्मरणात लीळा होत्या त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा राहिला, आणि त्यांत हिराइसा ही स्त्री अग्रणी होती. स्त्रियांना ज्ञानापासून दूर ठेवले असते तर हा ठेवा कोणाच्या मुखातून परत मिळाला असता?

पुढील काळात संकटामुळे ग्रंथ सकळादी लिप्यांच्या कुलपात गेले आणि शतकानुशतके सामान्य वासनिकांना ते वाचता आले नाहीत. ग्रंथरक्षणासाठी ते आवश्यक ठरले असेल. पण भटोबासांनी जे दार उघडे ठेवले होते ते त्यामुळे अरुंद झाले, हेही खरे. आज पोथ्या छापून झाल्या आहेत आणि ऋद्धिपुरी मराठी भाषा विद्यापीठही स्थापन झाले आहे. तरी अधिकारपदावरील प्रत्येकाची कसोटी तीच आहे. निरूपण चालू असताना ओसरीच्या टोकाला बसलेल्या निरक्षर म्हातारीला ते कळते काय, आणि तिला तेथे टोकाला का बसावे लागले, हे पाहणे आचार्याचे पहिले कर्तव्य आहे. भटोबासांनी ते आयुष्यभर पाळले.