‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’च्या लेखकाने मुलासाठी चक्क मेंदूतला व्हॉल्व्ह बनवून घेतला होता

रोआल्ड डाल म्हटलं की चार्ली आणि मटिल्डा आठवतात. पण जगभरातल्या सुमारे ३ हजार मुलांच्या डोक्यात बसवलेल्या एका व्हॉल्व्हलाही त्यांचं नाव होतं.

डाल यांचा जन्म १९१६ चा, वेल्समधल्या कार्डिफचा. आईवडील नॉर्वेचे. दुसऱ्या महायुद्धात ते पायलट झाले. १९४० मध्ये त्यांचं विमान इजिप्तच्या वाळवंटात कोसळलं, कवटीला मार लागला आणि काही काळ दिसेनासं झालं. त्यातून ते वाचले, लेखक झाले. १९५३ मध्ये अभिनेत्री पॅट्रिशिया नील यांच्याशी लग्न झालं.

डिसेंबर १९६० मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावर एका टॅक्सीने त्यांच्या चार महिन्यांच्या मुलाची, थिओची बाबागाडी उडवली. डोक्याला जबर मार बसला आणि मेंदूत पाणी साचू लागलं. यालाच हायड्रोसेफॅलस म्हणतात.

शंट म्हणजे काय?

मेंदूत रोज पाणी तयार होतं आणि रक्तात शोषलं जातं. ही वाट अडली की मेंदूवर दाब वाढतो. मग डॉक्टर एक बारीक नळी टाकून ते पाणी शरीरात दुसरीकडे सोडतात. पाणी उलटं फिरू नये म्हणून नळीला व्हॉल्व्ह असतो.

थिओचा व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा तुंबायचा. दाब वाढला की त्याला दिसायचं बंद व्हायचं, मग पुन्हा ऑपरेशन.

डाल नशिबाला दोष देत बसले नाहीत. मॉडेल विमानं उडवायच्या छंदातून त्यांची स्टॅन्ली वेड या इंजिनिअरशी ओळख होती. छोट्या इंजिनांचे बारीक पंप बनवण्यात वेड यांचा हातखंडा. डाल यांनी त्यांची गाठ लंडनचे न्यूरोसर्जन केनेथ टिल यांच्याशी घालून दिली. तिघांनी मिळून धातूच्या छोट्या चकत्यांचा, सहज न तुंबणारा व्हॉल्व्ह तयार केला. १९६२ मध्ये तो पहिल्यांदा एका बाळाला बसवला. तिघांनीही नफा घ्यायचा नाही असं ठरवलं होतं.

गंमत म्हणजे तोवर थिओ सावरला होता. त्याला तो व्हॉल्व्ह लागलाच नाही.

पण त्याच वर्षी डाल यांची सात वर्षांची मुलगी ऑलिव्हिया गोवरामुळे मेंदूला सूज येऊन गेली. १९६५ मध्ये पत्नीला स्ट्रोक आले. तिला पुन्हा बोलतं-चालतं करण्यासाठी डाल हट्टाने मागे लागले. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं.

आज काय परिस्थिती?

आता नळी बहुतेकदा पोटात सोडतात. भारतीय बनावटीचा स्वस्त ‘छाबरा शंट’ही मिळतो. पण तुंबणं पूर्ण थांबलेलं नाही. लहान मुलांमध्ये साधारण दहापैकी तीन-चार शंट पहिल्याच वर्षात बिघडतात. कधी जंतुसंसर्ग होतो, तर कधी पाणी गरजेपेक्षा जास्त निघून जातं.

म्हणून शंट असलेल्या मुलाला सतत उलट्या, डोकेदुखी, गुंगी, ताप किंवा झटके आले, नळीच्या मार्गावर लाली दिसली किंवा बाळाची टाळू फुगली, तर पित्त झालं असेल म्हणून घरी थांबू नका. लासूर स्टेशनसारख्या गावातून रात्री निघावं लागलं तरी सकाळची वाट न बघता थेट संभाजीनगर गाठा. न्यूरोसर्जन आणि सीटी स्कॅन असेल तिथेच जा, जुनी फाईल सोबत ठेवा.