थर्गुड मार्शल : निकाल जिंकला, अंमलबजावणीचे काय?

अमेरिकेत कायद्याचे राज्य आहे, असे आपल्याकडे अनेक जण मोठ्या कौतुकाने सांगतात. आम्ही वकिली करतो. त्यामुळे असे विधान कानावर पडले की, तो कायदा कोणी केला आणि कोणासाठी केला, हे विचारल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. थर्गुड मार्शल यांनी हाच प्रश्न कोर्टात उभे राहून आयुष्यभर विचारला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, एवढेच बहुतेकांना ठाऊक असते. आम्हाला मात्र न्यायमूर्तीपेक्षा वकील मार्शल अधिक जवळचे वाटतात.

२ जुलै १९०८ रोजी मेरीलँड राज्यातील बाल्टिमोर शहरात त्यांचा जन्म झाला. आई शिक्षिका. वडील रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये आणि पुढे गोऱ्यांच्या एका क्लबात नोकरी करीत, पण फावल्या वेळात कोर्टात जाऊन खटले ऐकण्याचा त्यांना भारी नाद. मुलांनाही ते सोबत नेत आणि घरी आल्यावर वाद घालायला लावीत. थर्गुड शाळेत खोडकर होते. शिक्षा म्हणून त्यांना देशाचे संविधान वाचायला बसवले जाई. शिक्षा इतक्या वेळा झाली की संविधान पाठ झाले. पुस्तकातले हे समान संरक्षण आपल्या मोहल्ल्यात का दिसत नाही, हा प्रश्न त्या मुलाला तेव्हाच पडला असणार.

मेरीलँड विद्यापीठाचे लॉ कॉलेज घराजवळ होते, पण तिथे काळ्यांना प्रवेश नव्हता. म्हणून ते रोज रेल्वेने वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात जात. फीसाठी आईने आपल्या अंगठ्या गहाण टाकल्या. हॉवर्डमध्ये चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हे गुरू भेटले. वकिलाने समाजाचा इंजिनियर व्हावे, नाहीतर तो बांडगूळ होतो, ही ह्यूस्टन यांची शिकवण. १९३३ साली मार्शल वर्गात पहिले येऊन बाहेर पडले आणि लवकरच डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यासाठी त्याच मेरीलँड लॉ कॉलेजला कोर्टात खेचले. १९३६ च्या जानेवारीत राज्याच्या वरिष्ठ कोर्टाने मरेचा प्रवेश कायम केला.

आता कायद्याची स्थिती पाहा. १८९६ च्या प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वेगळे पण समान या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले होते. वेगळेपणा तंतोतंत पाळला गेला, समानता कोणी पाळली नाही. एन.ए.ए.सी.पी. या संघटनेच्या वतीने ह्यूस्टन आणि मार्शल यांनी सरळ त्या तत्त्वावर घाव न घालता आधी त्यातील समान हा शब्द पकडला. समान म्हणता ना, मग दाखवा! टेक्सास राज्याने हेमन स्वेट या एका विद्यार्थ्याला दूर ठेवण्यासाठी काळ्यांचे वेगळे लॉ स्कूल काढले. ग्रंथालय, प्राध्यापक, नावलौकिक या कशातही ते मूळ कॉलेजच्या बरोबरीचे नाही, असे १९५० साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. त्यापूर्वी १९४४ मध्ये टेक्सासमधील गोऱ्यांपुरत्या पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुका मार्शल यांनी रद्द करून घेतल्या होत्या. तिथे खरी निवड त्या प्राथमिक निवडणुकीतच होत असे, म्हणजे मताचा अधिकार काळ्यांना नावापुरताच होता.

१९४६ सालची एक घटना मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. टेनेसी राज्यातील कोलंबिया गावात रेडिओ दुरुस्तीवरून भांडण झाले, त्याची दंगल झाली आणि काळ्यांवरच खटले भरले गेले. २५ आरोपींपैकी २३ जण निर्दोष सुटले. वकिलांवर गावाचा राग होता. नोव्हेंबरमध्ये उरलेले काम संपवून मार्शल सहकाऱ्यांसोबत रात्री नॅशव्हिलकडे निघाले, तेव्हा पोलिसांनी गाडी अडवली. दारू पिऊन गाडी चालवल्याचा आरोप ठेवून मार्शल यांना एकट्याला पोलीस गाडीत बसवले आणि बाकीच्यांना पुढे जाण्यास सांगितले. पोलिसांची गाडी गावाकडे न जाता नदीच्या दिशेने वळली. त्या भागात नदीकडे नेण्याचा अर्थ सर्वांना ठाऊक होता. सहकारी वकील लूबी यांनी हुकूम मोडून गाडी मागे लावली, म्हणून पोलिसांना परत फिरावे लागले. मॅजिस्ट्रेटने तोंडाचा वास घेतला, दारू नव्हती, सोडून दिले. मग स्थानिक काळ्या बांधवांनी दुसऱ्या गाडीतून दुसऱ्या रस्त्याने त्यांना बाहेर काढले. त्या रात्री कायद्याचा गणवेश घातलेली माणसेच कायदा मोडत होती. तरीही हा माणूस पुढचा दावा घेऊन पुन्हा कोर्टातच गेला.

१७ मे १९५४ रोजी ब्राऊन खटल्याचा निकाल लागला. शाळांमधील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरले. नऊच्या नऊ न्यायमूर्ती एकमत! (आपल्याकडे कलम १७ १९५० सालीच लागू झाले होते, हे जाता जाता नोंदवतो.) पण १९५५ मध्ये त्याच कोर्टाने अंमलबजावणीचा आदेश देताना तारीख दिली नाही, विचारपूर्वक शक्य त्या वेगाने करा, एवढेच म्हटले. सरकारी कागदावरील अशा शब्दांचा अर्थ आमचे अशील आम्हाला समजावून सांगतील. १९५७ साली लिटल रॉकमध्ये नऊ मुलांना शाळेत पोहोचवण्यासाठी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना लष्कर पाठवावे लागले. व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने तर १९५९ साली सगळ्या सरकारी शाळांना कुलूप ठोकले, पण काळ्या मुलांना गोऱ्यांसोबत बसू दिले नाही. गोऱ्यांसाठी खासगी शाळा निघाली, तिला सरकारी अनुदानाचा हातभार लागला. काळी मुले पाच वर्षे शाळेविना राहिली. ही काउंटी ब्राऊन निकालातील पाच खटल्यांपैकी एकाची होती. म्हणजे जिंकलेल्या पक्षकारांच्याच गावात शाळा बंद! १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या उघडायला लावल्या, पण त्या मुलांचे वय कोणता हुकूम परत देणार?

मार्शल यांना देव करण्याची आमची इच्छा नाही. पन्नाशीच्या दशकात त्यांनी संघटनेतील कम्युनिस्टांविषयी एफ.बी.आय.शी संपर्क ठेवला होता, हे त्यांच्या मृत्यूनंतर उघड झालेल्या कागदपत्रांतून दिसते. जी यंत्रणा चळवळीवर पाळत ठेवते तिच्याशी असा व्यवहार आम्हाला पटत नाही. रस्त्यावरील सत्याग्रहाबद्दलही ते फारसे उत्साही नव्हते. त्यांचा भरवसा कोर्टावर होता आणि सर्वोच्च न्यायालयात चालवलेल्या ३२ पैकी २९ खटले त्यांनी जिंकले होते, हेही खरे.

१९६७ साली राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी त्यांना सर्वोच्च न्यायालयावर नेमले. सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ११ मते पडली. पुढे न्यायालय बदलत गेले आणि मार्शल यांच्या वाट्याला भिन्नमताची निकालपत्रे आली. १९७३ मध्ये श्रीमंत वस्तीच्या शाळेला जास्त पैसा आणि गरीब वस्तीच्या शाळेला कमी, ही व्यवस्था बहुमताने वैध ठरवली. १९७४ मध्ये डेट्रॉइटच्या शाळांचे एकत्रीकरण शहराच्या हद्दीवर अडवले गेले. दोन्ही वेळा मार्शल विरोधात होते. १९७८ च्या बॅकी खटल्यात त्यांनी स्पष्ट लिहिले की, दोनशे वर्षे भेदभाव होताना संविधान आडवे आले नाही, आता त्याची भरपाई करताना मात्र ते आडवे आणले जात आहे. १९८७ साली संविधानाच्या द्विशताब्दीचा देशभर जल्लोष असताना, मूळ दस्तऐवजच सदोष होता आणि त्यात गुलामगिरीला जागा होती, हे त्यांनी जाहीर भाषणात ऐकवले.

१९९१ साली ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी क्लॅरेन्स थॉमस आले. २०२३ मध्ये न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशातील वर्णाधारित सवलती मोडीत काढल्या, तेव्हा थॉमस बहुमतात होते. मार्शल यांचे निधन त्याआधी तीस वर्षे, २४ जानेवारी १९९३ रोजी झाले होते. पार्थिव सर्वोच्च न्यायालयाच्या दालनात ठेवले होते आणि थंडीत हजारो लोक रांगेत उभे होते. त्यांतील कोणीतरी शवपेटीजवळ ब्राऊन खटल्यातील अपीलकर्त्यांच्या लेखी युक्तिवादाची एक प्रत ठेवून गेले.