माथेरानच्या गाडीचे सर आदमजी पीरभाई

माथेरानची छोटी गाडी आपल्या सर्वांना ठाऊक आहे. पण ती कुणाच्या पैशातून झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या माणसाचं चरित्र मी थोडक्यात लिहिते.

त्यांचं नाव सर आदमजी पीरभाई. साधारण १८४५-४६ साली दाऊदी बोहरा समाजातल्या एका गरीब घरात ते जन्मले. लहानपणी ते मुंबईच्या रस्त्यांवर काड्यापेट्या विकत, असं सांगतात. पुढे त्यांना सैन्याला तंबू पुरवण्याचं काम मिळालं. धारावीत त्यांनी कातडी कमावण्याचा कारखाना काढला. मेहनतीने ते मोठे उद्योगपती झाले. १८९७ साली ते मुंबईचे शेरीफ होते.

त्या काळी नेरळहून माथेरानला जायचं तर पायी, घोड्यावर नाहीतर पालखीतून. म्हाताऱ्या-आजाऱ्यांचे फार हाल व्हायचे. आदमजींचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी तिथे रेल्वे न्यायचं मनावर घेतलं. डोंगर सुमारे ८०० मीटर उंच! तरी वडिलांनी या कामासाठी १६ लाख रुपये दिले. त्या काळचे १६ लाख म्हणजे केवढे, बरं का! गाडी चढली नसती तर सगळे बुडाले असते.

१९०४ साली काम सुरू झालं. गाडीला उभा चढ झेपत नाही, म्हणून रूळ डोंगराला वळसे घालत नेले. सर्वांत कठीण चढावर २० फूट पुढे गेलं की गाडी १ फूट वर जाते. दोन रुळांमधलं अंतर फक्त २ फूट. इंजिनं जर्मनीत बनवलेली होती. वळणावर त्यांची चाकं थोडी वळत, त्यामुळे गाडी रुळावरून घसरत नसे. १९०७ साली गाडी सुरू झाली. त्याच वर्षी आदमजींना ‘सर’ ही पदवी मिळाली. १९१३ साली ते वारले.

वाफेची इंजिनं १९८२ पर्यंत धावली. २००५ च्या पावसात रूळ वाहून गेले. २००७ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसातही मार्ग खचला. नेरळहून गाडी २०२२ मध्ये परत निघाली. आता लोक मौजेसाठी तिच्यात बसतात.

मला वाटतं, एकाने पैसा दिला आणि पुष्कळांच्या हातांनी मार्ग खणला. दर पावसाळ्यानंतर तो सांभाळणारे हातही तितकेच मोलाचे आहेत. माथेरानला गेलात तर गाडीत बसताना आदमजींची आणि त्या कामगारांची आठवण जरूर ठेवा.