खेळण्यांचा कारागीर गुंपेइ योकोइ

वैशाखांतल्या दुपारीं रस्ता ओस पडतो, अंगणांतली फरशी पायांस चटके देते आणि वडील माणसें जेवणानंतर पंख्याखालीं आडवीं होतात. अशा वेळीं पूर्वीं माजघरांत पत्ते, सोंगट्या आणि सागरगोटे निघत. हल्लीं मुलें भिंतीशीं टेकून हातांतल्या लहानशा पडद्यावर खेळत बसतात. त्यांतहि दोन तऱ्हा दिसून येतात. कांहीं खेळ असे कीं, ते खेळणाऱ्याच्या कपाळावर घाम आणतात, शिवाय हातांतलें यंत्रहि तव्यासारखें तापवितात. दुसरे अगदीं साधे. वरून पडणारा तुकडा जागच्या जागीं बसवावा, चेंडू झेलावा, चुकलें तर पुन्हां आरंभ करावा, आणि आईची हांक आली म्हणजे ठेवून उठावें. उन्हाळ्याच्या सुटींत मन रमविण्यास हे दुसऱ्या तऱ्हेचेच खेळ बरे, असें आमचें मत आहे. खेळ थकलेल्या माणसाच्या खिशांत मावावा, त्यास परवडावा आणि त्याजकडून त्यानें फारसें कांहीं मागूं नये, ही गोष्ट ज्यांनीं जन्मभर मनावर घेतली, त्या जपानी कारागिराचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

गुंपेइ योकोइ यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजीं क्योटो शहरीं झाला. क्योटो ही जपानची जुनी राजधानी. तेथीलच दोशिशा विद्यापीठांत विद्युत्‌शास्त्राचा अभ्यास करून त्यांनीं पदवी मिळविली. या विद्यापीठाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आमच्यानें पुढें जाववत नाहीं. जोसेफ हार्डी नीसिमा नांवाचा एक तरुण, जपान सोडून जाण्यास कायद्याची बंदी असतां, १८६४ सालीं चोरून परदेशी जहाजावर चढला. अमेरिकेंत तो ख्रिस्ती झाला, ॲम्हर्स्ट कॉलेजांत शिकला आणि १८७४ सालीं मायदेशीं परत येऊन दुसऱ्याच वर्षीं अवघ्या आठ विद्यार्थ्यांनिशीं त्यानें ही शाळा उघडली. ज्या अमेरिकन बोर्डानें त्यास साहाय्य केलें, त्याच बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले होते व १८३१ पासून अहमदनगरास, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरास, त्यांनीं आपलें ठाणें केलें होतें. तेव्हां आपल्याकडील कित्येक जुन्या मिशन शाळा आणि दोशिशा यांचें नातें भावंडांचें आहे. योकोइ हे ख्रिस्ती होते असें सुचविण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्या घराण्याच्या शाळेंत ते वाढले तें घराणें आपणांस परकें नाहीं, इतकेंच.

१९६५ सालीं विद्यापीठांतून बाहेर पडल्यावर मोठमोठ्या विद्युत्‌कंपन्यांची दारें त्यांस उघडलीं नाहींत. अखेर त्यांनीं आपल्याच गांवांतील निन्टेन्डो या पेढीची नोकरी धरली. आज हें नांव मुलांच्या तोंडीं आहे. परंतु १८८९ सालीं स्थापन झालेली ती पेढी त्या वेळीं मुख्यतः पत्ते करणारी होती. फुलांचीं चित्रें असलेले हानाफुदा नांवाचे जपानी पत्ते हा तिचा जुना माल. ते तयार करणाऱ्या यंत्रांची देखभाल करणें, हें योकोइंचें काम. यंत्रें बहुधा सुरळीत चालत; त्यामुळें या पदवीधर इंजिनियरावर हातावर हात ठेवून बसण्याची पाळी येई.

या रिकामपणांत त्यांनीं कारखान्यांतल्या अवजारांनीं स्वतःच्या करमणुकीसाठीं एक खेळणें तयार केलें. आडव्यातिडव्या पट्ट्यांची ती एक जाळी होती. मुठी जवळ आणल्या कीं ती झरकन्‌ लांब होई आणि टोंकाचा चिमटा दूरची वस्तु पकडी. पेढीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची हे करडे गृहस्थ होते. ते एके दिवशीं कारखान्यांतून फिरत असतां त्यांची नजर या चाळ्यावर गेली आणि त्यांनीं योकोइंस आपल्या दालनांत बोलाविलें. आतां कानउघाडणी होणार, असें समजून योकोइ आंत गेले. परंतु बाहेर आले ते हें खेळणें बाजारांत आणण्याची आज्ञा घेऊन. (आमच्या वर्गांत एखादा मुलगा असा सांपडता तर आम्हीं त्यास बांकावर उभें केलें असतें, हें येथें कबूल करणें प्राप्त आहे.) १९६६ सालीं ‘अल्ट्रा हॅन्ड’ या नांवानें तें विक्रीस आलें आणि त्याचे दहा लाखांवर नग खपले. यंत्रांस तेल घालणारा माणूस त्या दिवसापासून खेळणीं योजणारा झाला.

पुढील दहा-बारा वर्षांत त्यांनीं कितीतरी खेळणीं केलीं. त्यांतील एकच येथें सांगतों, कारण तींत त्यांच्या बुद्धीची सारी ठेवण दिसते. दुरून बिनतारी चालविण्याच्या खेळण्यांतल्या मोटारी त्या काळीं फार महाग असत. १९७२ सालीं योकोइंनीं ‘लेफ्टी’ नांवाची मोटार काढली. ती सरळ जाई आणि वळली तर डावीकडेच वळे. उजवीकडे वळण्याची सोयच तींत ठेवली नव्हती. वाटोळ्या मार्गावर शर्यत लावावयाची असली म्हणजे उजवीकडे वळण्याचें कामच काय? ती एक सोय गाळल्यानें किंमत एकदम उतरली आणि सामान्य घरांतल्या मुलांस शर्यत लावतां येऊं लागली. बाजारांत नवी आणि महाग विद्या आली कीं तिच्यामागें धांवावयाचें नाहीं. जी विद्या जुनी, रुळलेली व स्वस्त झाली आहे, तिलाच आडव्या वाटेनें नेऊन कोणीं न योजिलेल्या कामीं लावावयाचें, असा त्यांचा परिपाठ होता.

या परिपाठाचें सर्वांत गोड फळ एका आगगाडींत पिकलें. शिंकानसेन या जलद गाडीनें प्रवास करीत असतां एक कचेरींतला गृहस्थ कंटाळून कॅल्क्युलेटरचीं बटणें उगाच दाबीत बसलेला त्यांनीं पाहिला. त्यास कांहीं हिशेब करावयाचा नव्हता. फक्त वेळ जात नव्हता. हा देखावा शेंकडों प्रवाशांनीं पाहिला असेल, आणि त्यांतील बहुतेकांनीं मान फिरविली असेल. योकोइंच्या मनांत मात्र आलें कीं, या थकल्या माणसाच्या हातीं कॅल्क्युलेटरएवढाच एखादा खेळ द्यावा. तो मांडीवर धरून, शेजाऱ्याच्या लक्षांत न येतां खेळतां यावा, म्हणजे प्रौढ माणसासहि त्याचा संकोच वाटणार नाहीं. पुढें एकदां अध्यक्षांच्या मोटारीचा चालक आजारी पडला. ती विदेशी मोटार डाव्या बाजूस चाक असलेली, आणि तशी मोटार चालविण्याची संवय योकोइंस होती. म्हणून ते चालक झाले. वाटेंत बोलतां बोलतां त्यांनीं ही कल्पना सांगितली. यामाउचींनीं ऐकलें न ऐकलेंसें केलें. परंतु त्या दिवशींच्या सभेंत त्यांची बैठक शार्प कंपनीच्या प्रमुखांशेजारीं होती, आणि आठवड्याच्या आंतबाहेर शार्पचे अधिकारी निन्टेन्डोच्या दारीं येऊन उभे राहिले.

शार्प व कॅसिओ या कंपन्यांची त्या काळीं कॅल्क्युलेटर स्वस्त करण्याची मोठी चढाओढ लागली होती, तीमुळें एल. सी. डी. म्हणतात तो सपाट पडदा अगदीं स्वस्त झाला होता. योकोइंनीं तोच उचलला. त्याची रचना मौजेची आहे. पडद्यावर माणसाच्या व चेंडूच्या सर्व आकृति निरनिराळ्या जागीं आधींच घडविलेल्या असतात, परंतु त्या दिसत नाहींत. वीज ज्या आकृतीस मिळेल तेवढीच काळी होऊन उमटते. एकामागून एक आकृति उमटत गेल्या कीं चेंडू उडाल्याचा भास होतो. असा पडदा स्वतः प्रकाश देत नाहीं. खोलींतल्या किंवा खिडकींतल्या उजेडावरच त्याचें काम भागतें. म्हणून त्यास वीज नांवाची लागते आणि बटणाएवढे दोन सेल पुष्कळ दिवस पुरतात. यंत्र तापण्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं.

२८ एप्रिल १९८० रोजीं ‘गेम अँड वॉच’ या मालेंतील पहिला खेळ, ‘बॉल’, बाजारांत आला. त्यांत एक माणूस उभा असतो. डावेंउजवें बटण दाबून त्याचे हात हलवावयाचे आणि वर उडालेले चेंडू खालीं पडूं द्यावयाचे नाहींत. सारा खेळ एवढाच. तो शिकण्यास पळभरहि लागत नाहीं आणि सोडण्यास मन मोडावें लागत नाहीं. खेळून झालें म्हणजे तेंच यंत्र घड्याळ होऊन मुकाट्यानें वेळ दाखवी. १९९१ पर्यंत या मालेचे सुमारें ४ कोटी ३४ लाख नग जगभर विकले गेले. १९८२ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळांत योकोइंनीं चार दिशांस दाबतां येणारें एकच अधिकाच्या चिन्हासारखें बटण बसविलें; न पाहतां अंगठ्यास दिशा कळावी, हा त्यांतला हेतु. आज जगांतील बहुतेक खेळयंत्रांवर तें बटण कोणत्या ना कोणत्या रूपांत दिसतें.

कित्येक पालक आम्हांस सांगतात कीं, असले खेळ म्हणजे केवळ काळाचा नाश. ही तक्रार अगदींच पोकळ नाहीं; तीन तीन तास मान मोडून बसणाऱ्या मुलांस आम्हीहि उठवितों. परंतु सहा दिवस श्रम आणि सातव्या दिवशीं विसावा ही आज्ञा ज्या घरांत शिकविली जाते, तेथें विसाव्याची थट्टा होऊं नये. श्रमलेल्या माणसास पंधरा मिनिटें निर्मळ करमणूक मिळवून देण्याचें काम कोणीतरी मन लावून केलेलें असतें, आणि तें हलकें काम नव्हे.

२१ एप्रिल १९८९ रोजीं योकोइ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ‘गेम बॉय’ प्रसिद्ध केला. त्यांत खेळाच्या निरनिराळ्या वड्या बदलून घालतां येत. त्याच सुमारास अटारी व सेगा या प्रतिस्पर्ध्यांनीं रंगीत आणि आंतून उजळणाऱ्या पडद्यांचीं यंत्रें काढलीं. त्यांपुढें गेम बॉयचा हिरवट पडदा व त्यावरच्या चार करड्या छटा पाहून पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. परंतु रंगीत यंत्रें सहा सेल चार-पांच तासांत फस्त करीत. गेम बॉय चार सेलांवर त्याच्या दुपटी-तिपटीहून अधिक वेळ चाले. शिवाय भर उन्हांत रंगीत पडदा फिका पडे; गेम बॉयचा पडदा बाहेरच्या उजेडावरच जगणारा, म्हणून झाडाखालीं किंवा आगगाडीच्या खिडकींत तो स्पष्ट दिसे. आईबापांच्या खिशास कोणतें यंत्र मानवलें, हें सांगण्याची गरज नाहीं. मॉस्को येथील अलेक्सेइ पाजितनोव यांनीं १९८४ सालीं रचलेला ‘टेट्रिस’ हा तुकडे जुळविण्याचा खेळ अमेरिकेंत या यंत्राबरोबरच दिला गेला, आणि लहान मुलांच्या हातांतलें खेळणें त्यांच्या आईबापांनींहि हातीं घेतलें. पुढें आलेल्या रंगीत आवृत्तीसह गेम बॉयचे ११ कोटी ८६ लाखांवर नग खपले. आपल्याकडे १९९० नंतरच्या दशकांत बाजारांतून व जत्रांतून जो स्वस्त ‘ब्रिक गेम’ मिळे, तो याच दोहोंची गरिबाघरची नक्कल होय. आमच्या पिढीच्या कित्येक मे महिन्याच्या दुपारी त्यावरच गेल्या.

यानंतरचा भाग लिहितांना हात जड होतो. १९९५ सालीं योकोइंचें ‘व्हर्च्युअल बॉय’ हें यंत्र बाजारांत आलें. टेबलावर ठेवून त्यांत डोळे खुपसावयाचे आणि काळ्या पोकळींत तांबड्या रेषांचीं खोली असलेलीं चित्रें पाहावयाचीं, असा त्याचा प्रकार. तें खिशांत मावत नव्हतें, शेजाऱ्यास दाखवितां येत नव्हतें, आणि खेळणाऱ्याचें डोकें दुखे, डोळे शिणत. ज्यांनीं जन्मभर थकल्या माणसाचा विचार केला, त्यांच्याच हातून माणसास थकविणारें यंत्र निघालें. जेमतेम ७ लाख ७० हजार नग विकून वर्षभराच्या आंत तें मागें घ्यावें लागलें. १९९६ च्या जुलैंत लहान आटोपशीर ‘गेम बॉय पॉकेट’ निघाला, आणि १५ ऑगस्ट रोजीं योकोइंनीं निन्टेन्डो सोडली. अपयशानें त्यांस घालविलें, असें लोक बोलत. स्वतः ते म्हणत कीं, वेगळें होण्याचा विचार पूर्वींचाच होता. एकतीस वर्षांची चाकरी आणि एक चूक यांचा ताळेबंद लोक कसा मांडतात, हें यावरून दिसतें.

पंचावन्नाव्या वर्षीं त्यांनीं क्योटोंतच ‘कोतो’ नांवाची लहानशी संस्था काढली आणि बान्दाइ कंपनीसाठीं एक नवें हातांतलें यंत्र योजण्यास घेतलें. पुन्हां तोच परिपाठ. रंग नाहींत, किंमत थोडी, आणि सेल फक्त एक. परंतु तें पुरें झालेलें त्यांस पाहावयास मिळालें नाहीं. ४ ऑक्टोबर १९९७ रोजीं इशिकावा प्रांतांतील हमरस्त्यावर त्यांच्या मोटारीची किरकोळ टक्कर झाली. काय झालें हें पाहण्यास ते खालीं उतरले, तोंच दुसऱ्या एका मोटारीचा धक्का त्यांस लागला आणि त्यांत त्यांचा अंत झाला. त्या वेळीं त्यांचें वय छप्पन्न वर्षांचें होतें.

तें यंत्र ‘वंडरस्वान’ या नांवानें ४ मार्च १९९९ रोजीं विक्रीस आलें. त्याबरोबर निघालेल्या एका खेळास सहकाऱ्यांनीं योकोइंचेंच नांव दिलें : ‘गुंपेइ’. रेषांचे तुकडे खालून हळूहळू वर येत असतात. ते वरखालीं सरकवून पडद्याच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत एक सलग रेषा जुळवावयाची. ती जुळली कीं नाहींशी होते, आणि खालून दुसरे तुकडे वर येऊं लागतात.