काउंट रम्फर्ड : धुराला वाट दाखविणारा शास्त्रज्ञ

थोर पुरुषांची चरित्रे वाचू लागले म्हणजे लढाया, राज्ये व मोठमोठे शोध ह्यांचीच वर्णने बहुधा दृष्टीस पडतात. चूल, तिच्यात सारलेले ओले सरपण आणि त्याच्या धुराने लाल झालेले आईचे डोळे ह्यांकडे पाहण्यास शास्त्रज्ञास फुरसत कोठून असणार, असे आपणांस वाटते. परंतु सेनाधिकारी, मंत्री व शास्त्रज्ञ ह्या तिन्ही नात्यांनी नाव मिळवूनही ज्याने आपल्या बुद्धीचा मोठा भाग चुली आणि शेकोट्या सुधारण्यात खर्च केला, असा एक पुरुष अठराव्या शतकात होऊन गेला. त्याचे नाव बेंजामिन थॉम्प्सन. जग त्यास काउंट रम्फर्ड म्हणून ओळखते. त्याचे चरित्र आम्ही आज विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

थॉम्प्सनचा जन्म ता. २६ मार्च १७५३ रोजी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात वोबर्न ह्या गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. तो दोन वर्षांचाही नव्हता तोच त्याचे वडील वारले. तेराव्या वर्षी त्यास सेलम येथील एका व्यापाऱ्याच्या दुकानी उमेदवारीस ठेवण्यात आले. दुकानदारीत त्याचे मन रमेना. प्रयोगांची मात्र विलक्षण आवड. एकदा शोभेची दारू तयार करताना स्फोट होऊन तो चांगलाच भाजला, तरीही ती आवड कमी झाली नाही. पुढे तो एका मित्रासह पायी चालत हार्वर्ड येथे पदार्थविज्ञानाची व्याख्याने ऐकण्यास जात असे. इ. स. १७७२ साली तो काँकर्ड गावी शिक्षक झाला. ह्या गावाचे जुने नाव रम्फर्ड होते. त्याच वर्षी त्याने तेथील एका श्रीमंत विधवेशी विवाह केला, आणि १७७४ साली त्यास सारा नावाची कन्या झाली.

ह्यापुढील भाग सांगताना आम्हांस संकोच वाटतो. परंतु चरित्र म्हणजे नुसती स्तुती नव्हे. अमेरिकेत स्वातंत्र्ययुद्ध पेटले, तेव्हा थॉम्प्सनने इंग्रजांचा पक्ष घेतला, इतकेच नव्हे तर त्यांस गुप्त बातम्याही पुरविल्या. १७७६ साली पत्नीस व तान्ह्या मुलीस मागे टाकून तो इंग्लंडास गेला. पत्नीची आणि त्याची पुन्हा कधीच भेट झाली नाही.

इ. स. १७८४ साली तो जर्मनीतील बव्हेरियाच्या इलेक्टरच्या पदरी राहिला, आणि येथे त्याच्या गुणांस खरा वाव मिळाला. सैनिकांस उबदार कपडा कोणता, थोड्या जळणात पुष्कळ माणसांचे अन्न कसे शिजेल, असले प्रश्न तो प्रयोगांनी सोडवू लागला. म्यूनिक शहरात त्या काळी भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. ता. १ जानेवारी १७९० रोजी त्याने त्यांस एकत्र करविले. मात्र तुरुंगात न कोंडता त्यांस काम, ऊब व पोटभर अन्न मिळेल अशा उद्योगशाळेत नेले. तेथे जव, वाटाणे आणि बटाटे ह्यांचे पौष्टिक सूप मोठ्या प्रमाणावर शिजू लागले. तेथील स्वयंपाकघरासाठी त्याने नव्या तऱ्हेच्या बंद चुली बांधल्या. प्रत्येक भांड्याखाली स्वतंत्र जाळ, लाकडे घालण्यास दार, वारा कमीअधिक करण्यास राखेच्या कप्प्याला झरोका व धूर जाण्याच्या वाटेवर झडप, अशी त्यांची रचना असे. ह्या सेवेबद्दल त्यास काउंट ही पदवी मिळाली, तेव्हा जेथे त्याने शिक्षकाचे काम केले होते त्या गावाचे जुने नाव त्याने आपल्या पदवीस जोडले.

१७९५ साली तो लंडनला परत आला. तेथे भिंतीत बांधलेल्या उघड्या शेकोट्यांनी दिवाणखाने धुराने भरून जात. धुराडे अरुंद म्हणून धूर कोंडतो, अशी लोकांची समजूत असे. रम्फर्डने कारण नेमके उलट असल्याचे दाखविले. धूर आपल्या बळाने वर चढत नाही. तापलेली हवा हलकी होते, आणि भोवतालची थंड, जड हवा तिला वर ढकलते. धुराड्याचा गळा फार रुंद असला म्हणजे खोलीतील थंड हवा धुराबरोबर बेसुमार आत शिरते. तिच्या मिसळण्याने धूर थंड होतो, त्याची गती मंदावते, आणि वाऱ्याचा एखादा झोत वरून आला की तो खोलीत लोटला जातो. नवे लाकूड टाकताच तर धूर एकदम वाढतो व बाहेर सांडतो.

ह्यावर त्याने सुचविलेला उपाय सोपा होता. शेकोटीची मागची भिंत पुढे आणावी. बाजूच्या भिंती काटकोनात न ठेवता मागच्या भिंतीशी १३५ अंशांचा कोन करून तिरप्या बांधाव्या, म्हणजे उष्णता खोलीत परावर्तित होते. आणि धुराड्याचा गळा सुमारे ४ इंच खोल एवढाच ठेवावा. त्या गळ्यामागे एक सपाट कट्टा राखावा, म्हणजे वरून उतरणारा वारा तेथे अडतो. धुराडे झाडणारास वाट मिळावी म्हणून गळ्याशी काढता येईल असा दगड बसविण्याचीही त्याने सोय सांगितली. १७९६ साली हे सर्व त्याने निबंधरूपाने प्रसिद्ध केले आणि लंडनमधील अनेक घरांतील शेकोट्या स्वतः सुधारून दिल्या. आपल्या युक्तीवर त्याने पेटंट घेतले नाही. कोणाही गवंड्याने ती उचलावी, अशीच त्याची इच्छा होती.

थंड मुलखात आज घरोघरी ज्या बंद लोखंडी शेगड्या असतात, त्यांत लाकडे भरतानाही हेच तत्त्व उपयोगी पडते. लाकडे जळून निखारे झाले म्हणजेच नवे लाकूड घालावे. आधी धुराड्याची झडप पूर्ण उघडावी आणि क्षणभर थांबावे. मग दार किंचित उघडून आतील ओढ जोर धरू द्यावी व नंतरच ते सावकाश पूर्ण उघडावे. दार एकदम ओढले तर धूर त्याच्यामागोमाग खोलीत येतो. घराची दारे-खिडक्या घट्ट बंद असतील तर एक खिडकी थोडी उघडावी. कारण वर गेलेल्या हवेची जागा घेण्यास बाहेरून हवा आलीच पाहिजे. लाकूड वाळलेले असावे. धुराडे गार असेल तर प्रथम कागद पेटवून ते ऊन करून घ्यावे.

रम्फर्डची इतर कामगिरीही मोठी आहे. तोफेचे नळे कोरताना उत्पन्न होणारी उष्णता पाहून त्याने पाण्यात बुडविलेल्या तोफेवर प्रयोग केला. अडीच तासांत नुसत्या घर्षणाने ते पाणी उकळू लागले. उष्णता हा पदार्थ नसून एक प्रकारची गती होय, हे मत त्याने १७९८ साली मांडले. १७९९ साली त्याने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन ह्या संस्थेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. पुढे हंफ्री डेव्ही व मायकेल फॅरडे ह्यांनी तिचे नाव जगभर गाजविले.

१८०५ साली त्याने फ्रान्सचा विख्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये ह्याच्या विधवेशी विवाह केला; पण दोघांचे पटेना, आणि १८०९ साली ती विभक्त झाली. ता. २१ ऑगस्ट १८१४ रोजी पॅरिसजवळील ओतय येथे त्याचे निधन झाले. हजारो अनोळखी घरांस ऊब देणाऱ्या ह्या पुरुषास स्वतःच्या घराची ऊब फारशी लाभली नाही, आणि त्यात त्याचा स्वतःचाही दोष होता. बुद्धी कितीही तीव्र असली तरी ती आपल्या माणसांच्या प्रेमाची जागा घेऊ शकत नाही, हे त्याच्या आयुष्यातून विद्यार्थ्यांनी ध्यानी धरावे.

आपल्या देशातही ह्या प्रश्नाचा विचार झालेला आहे. वर्ध्याच्या मगनवाडीतून पुढे आलेली धुराड्याची मगन चूल हे त्याचेच फळ होय. आज गॅस पुष्कळ घरी पोहोचला आहे. तथापि लाकडे व गोवऱ्या जाळणाऱ्या चुली अद्याप गेलेल्या नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील असल्या दूषित हवेने जगात सुमारे ३२ लक्ष माणसे दगावली. त्यांत दोन लक्षांहून अधिक पाच वर्षांखालील बालके होती.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे की, ज्या घरी अजून चूल पेटते तेथे ती सर्व घरकामांत गौण मानू नये. धुरास वर जाण्याची मोकळी वाट व आत हवा येण्यास झरोका ह्यांची सोय आधी पाहावी, आणि सरपण पावसापूर्वी वाळवून ठेवावे. विद्यार्थ्यांनीही पुस्तकात शिकलेले हवेचे नियम एकदा आपल्या स्वयंपाकघरात जाऊन ताडून पाहावे. तेथे बसून जी माउली रोज आपल्यासाठी धूर सोसते, तिचा त्रास थोडा जरी कमी झाला, तरी त्या विद्येचे सार्थक झाले असे आम्ही समजू.